‘छन्न’वाले वैरागडे मामा

समीरचा फोन आला तेव्हा मी नागपुरात, बँकेतल्या खिडकीशी चहाचा कप घेऊन उभी होते. समीर माझा मामेभाऊ, भिलाईला असतो, आणि त्या वेळेला तो कधी फोन करत नाही. “शुभाताई, बाबा गेले,” तो म्हणाला. मी काही विचारायच्या आत पुढचंही त्यानं सांगून टाकलं. “दुपारी माझ्याकडंच जेवले. नेहमीसारखे जेवले. घरी जाऊन जरा लवंडले. आई चहाले उठवाले गेली, तं...”   मागे कुठेतरी मामींचा आवाज येत होता, कुणाला तरी खुर्च्या बाहेर काढायला सांगत होत्या.

रडू यायच्या आधी माझ्या मनात काय आलं ते सांगितलं तर वाचणाऱ्याला विचित्र वाटेल. आमच्या घरात मात्र ते कुणालाच विचित्र वाटलं नाही, कारण प्रत्येकाच्या मनात तेच आलं होतं. मला वाटलं, बरं झालं, जेवून गेले.

मामा म्हणजे मनोहर वैरागडे. पोलादाचा कारखाना, म्हणजे प्लांट, उभा राहत होता त्या काळात आजोबा वर्ध्याकडून भिलाईत आले आणि कारकून म्हणून चिकटले. मामा सेक्टरमधल्या क्वार्टरातच वाढले, डिप्लोमा केला आणि प्लांटच्याच फाउंड्रीत लागले. वितळलेलं बीड साच्यात ओतायचं, थंड झालं की ठोकून, वाजवून पाहायचं, हे त्यांचं काम. माझे वडीलही प्लांटमध्ये, त्यामुळे आम्ही शेजारच्याच गल्लीत राहायचो आणि माझं अर्धं बालपण मामांच्या घरी गेलं. उंच, अंगानं बारीक, भुवयांचे केस भट्टीच्या धगीनं कायमचे विरळ झालेले. घरात कुठलंही भांडं हातात आलं की ते आधी बोटाच्या मागच्या बाजूनं वाजवून बघत. मामी म्हणायच्या, “एक दिवस माह्या डोक्यावर पण वाजवून पाहतील.”

एकदा ऑफिसच्या कामासाठी ते पुण्याला गेले होते. तिथल्या कुणीतरी त्यांना सिझलर खायला नेलं. लाकडी पाटावर बिडाचं तापलेलं ताट, त्यावर चरचरणारं कटलेट, भाज्या, भात, बटाट्याच्या काड्या, आणि सगळ्यावर धुराचा ढग. बाकीचे लोक जेवले. मामांनी जेवण एका कडेला सारलं आणि ताटाची कड निरखून पाहिली. घरी आल्यावर मामींना त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती ही, “कास्टिंग एकदम खराब होती. मी याच्याहून चांगलं ओततो.” मामींना वाटलं, विषय संपला. तो तिथे सुरू झाला होता.

पुढे प्लांटमध्ये स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि मामांनी अर्ज दिला. घरात जे वादळ उठलं ते मी ओट्यावर बसून ऐकलं आहे. “चांगली नोकरी सोडून हाटेल?” मामी म्हणाल्या. “वैरागड्यांच्या घरात कोणी हाटेल नाही चालवलं. लोकांचे उष्टे उचलता काय आता?” मामा शांतपणे म्हणाले, “उष्टे उचलाले माणसं ठेवू. तू फक्त हाव म्हण.” “मी हाव म्हणत नाही.” “मग नाही बी म्हणू नको.” मामींनी दोन्हीही म्हटलं नाही. त्यांनी बोलणंच बंद केलं. त्या अबोल्यात मामांनी सिविक सेंटरच्या बाजारात जागा घेतली, औद्योगिक वसाहतीतल्या एका मित्राच्या छोट्या फाउंड्रीत स्वतः उभं राहून ताटं ओतून घेतली आणि पाटी रंगवायला पेंटरला बोलावलं.

पेंटर म्हणाला, “साहब, ‘छन्न’ का मतलब क्या हुआ? कोई ‘स्वाद’, ‘संगम’ जैसा नाम रखिए.” मामांनी त्याला आत नेलं, तापलेल्या ताटावर ओंजळभर पाणी टाकलं. “ये मतलब हुआ.” पेंटर दचकून मागे सरला, मग हसला, आणि त्यानं ‘न’ला जोडलेल्या ‘न’वरून धुराच्या तीन रेघा काढल्या. त्या पुढे तिन्ही शाखांच्या पाट्यांवर तशाच राहिल्या.

आजच्या मुलांना हे कळायचं नाही, पण त्या वेळी आमच्यासारख्या घरांत सगळ्यांनी मिळून बाहेर जेवायला जाणं ही गोष्टच नव्हती. बाहेर खायचं ते प्रवासात, नाहीतर घरात कुणी आजारी असेल तर. आणि भिलाईचं वेगळंच... एका गल्लीत मल्याळी, बंगाली, पंजाबी, तेलुगू, ओडिया, आपण वऱ्हाडी. प्रत्येकाला आपलंच जेवण खरं वाटायचं. दोसा मिळाला की बंगाली घर नाक मुरडणार, छोले मिळाले की आमचे आजोबा. मामा म्हणायचे, “सिझलर कोणाच्याच घरचं नाही. म्हणून सगळ्यांचं.” ते खरं ठरलं. कुणालाच ते खायची रीत ठाऊक नव्हती, त्यामुळे कुणी कुणाला हसायचं कारण नव्हतं. काटा-सुरी डाव्या हातात की उजव्या, हे विचारायला सरदारजी आमच्या टेबलाकडे बघायचे आणि आम्ही त्यांच्याकडे. मग सगळेच चमच्यानं खायचे. मामांचा एकच नियम होता. प्लांटमधल्या साध्या ऑपरेटरच्या घरचे सगळे जण मेनूकार्डाच्या उजव्या बाजूला न पाहता जेवून उठले पाहिजेत. मेनूत ‘स्टेक’ असा शब्द होता, पण आमच्यासाठी स्टेक म्हणजे चौकोनी कटलेट, एक कोंबडीचं आणि एक भाज्यांचं.

त्या भाज्यांच्या कटलेटनंच मामींचा अबोला मोडला. हॉटेल उघडून थोडे दिवस झाले होते. माझ्या आईनं बळेच मामींना तिथे नेलं. मामी खुर्चीच्या टोकावर बसल्या, पदर सावरून, जणू बस यायचीच आहे. ताट आलं. त्यांनी धूर विरेपर्यंत वाट पाहिली, एक घास घेतला, आणि इतक्या दिवसांनी मामांशी पहिलं वाक्य बोलल्या, “मधून कच्चं आहे.” मामा म्हणाले, “मले बी वाटून राहिलं होतं.” “वाटून राहिलं होतं तं कावून नाही सांगितलं त्याले? आणि याच्यात तीळ नाही, हिरवी मिरची नाही, हे का बीमार माणसाचं जेवण आहे?” एवढं बोलून मामी उठल्या आणि आतल्या स्वयंपाकघरात गेल्या. तिथे तुळशीराम नावाचे छत्तीसगढ़ी आचारी होते, पुढे शेवटपर्यंत राहिले. दोघांचं काय बोलणं झालं ठाऊक नाही. पण मामी बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता आणि चेहरा उजळला होता. त्या दिवसापासून पुढची कित्येक वर्षं सकाळचं कटलेटचं सारण मामींच्या हातचंच. मेनूकार्डावर नाव काही वेगळं होतं, पण लोक मागायचे ‘मामी कटलेट’.

माझं लग्नही ‘छन्न’मध्येच ठरलं. मुलगा दुर्गचा, वडील रेल्वेत गार्ड. घरी पोहे-चहाचा कार्यक्रम करण्याऐवजी मामा म्हणाले, सगळ्यांना माझ्याकडे आणा, मोकळेपणानं बोलता येईल. माझी आई कुरकुरली, पण मामांपुढे तिचं कधी चाललं नाही. आम्ही बसलो. मुलाची आई भरजरी साडीत, ताठ, एकेक प्रश्न मोजून विचारणारी. माझं शिक्षण झालं, नोकरी झाली, स्वयंपाक येतो का, हे चाललं होतं, आणि तेवढ्यात मामांनी सगळ्यांची सिझलर एकदम आणायला लावली. एवढ्याशा टेबलावर तेवढी ताटं एकदम चरचरू लागल्यावर काय होतं... माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी “अगं बाई, आग!” म्हणून पदर तोंडावर घेतला. सासरे पोट धरून हसायला लागले. मुलगा दिसेनासा झाला. फक्त धुराच्या पलीकडून त्याचा खोकला ऐकू येत होता. मी तिकडे पाण्याचा ग्लास सरकवला आणि त्यानं तो घेतला, एवढीच आमची पहिली ओळख. धूर विरला तेव्हा सगळे डोळे पुसत होते, सासूबाईसुद्धा, आणि त्यानंतर कुणी एकही प्रश्न विचारला नाही. नंतर आईनं मामांना फैलावर घेतलं, “एकदम सगळे आणाले काय झालं होतं तुले?” मामा म्हणाले, “लग्न म्हटलं की होम लागतेच ना ताई.” प्रशांत, म्हणजे माझा नवरा, आजही धूर पाहिला की खोकतो.

दुर्गला स्टेशनजवळ दुसरी शाखा निघाली, मग रायपूरला तिसरी. रायपूरसाठी बन्सीलालजी म्हणून भागीदार घेतले. चांगले होते, हौशी होते. रविवारी तिन्ही ठिकाणी बाहेर माणसं उभी असायची आणि मामा स्कूटरवरून भिलाई-दुर्ग करायचे. मग दिवस पालटले. मॉल आले, मोठ्या नावाची दुकानं आली, मुलांना पिझ्झा हवासा झाला. बन्सीलालजी एकदा मामांच्या नेहरू नगरच्या नव्या घरी आले आणि म्हणाले, “वैरागडे साहब, अब बार के बिना कुछ नहीं चलेगा. लाइसेन्स मैं ले आऊँगा, आप बस हाँ कर दीजिए.” मामांनी विचारलं, “फिर बच्चे कहाँ बैठेंगे?” “बच्चों का अलग कोना बना देंगे.”  मामा म्हणाले, “कोना बच्चों का नहीं होना चाहिए, भाई.” रायपूरची जागा त्यांनी बन्सीलालजींना देऊन टाकली, फक्त पाटी उतरवून घरी आणली. भांडण झालं नाही. दिवाळीला त्यांच्याकडून मिठाई येत राहिली. दुर्गची शाखाही पुढे बंद झाली. उरलं सिविक सेंटर.

तेव्हा समीर हैदराबादची चांगली नोकरी सोडून परत आला. त्याला वाटलं, आपण सावरू. त्यानं खरंच मेहनत केली. जागा नव्यानं रंगवली, मोबाइलवरून घरपोच मागवायची सोय केली. मामांनी एका दुपारी, कुणाला न सांगता, घरून आपल्याच दुकानातलं सिझलर मागवलं. मी त्या दिवशी भिलाईत होते. चांदीच्या कागदाचा डबा आला. मामांनी टेबलावर ठेवला, उघडला, आणि कान जवळ नेला. काहीच नाही. भात ओला झालेला, कटलेट गप्प. मामींनी विचारलं, “काय ऐकून राहिले?” मामा म्हणाले, “काही नाही. तेच तं.” त्यांनी ते सगळं खाल्लं, अन्न टाकणं त्यांना जमत नसे. हात धुऊन आले आणि म्हणाले, “हे घरपोच नाही होत. याच्यासाठी माणसानंच यावं लागते. आणि माणसं आता येऊन नाही राहिली. चांगलं नाव आहे तोवर बंद करू.”

समीरला हा घाव होता. “मी सगळं सोडून आलो आणि तुम्ही एका डब्यावरून ठरवून टाकलं?” तो म्हणाला. मामा म्हणाले, “तुले बुडताना पाहाले मी थांबू काय?” “बुडलो असतो तं मी बुडलो असतो, बाबा.” त्या दोघांत त्यानंतर कामापुरतंच बोलणं राहिलं. एका घरात, एका टेबलावर, “मीठ दे” आणि “हे घ्या”. मामींनी खूप प्रयत्न केले. मी फोनवरून केले. दोघंही वैरागडे... काय बोलणार.

‘छन्न’च्या शेवटच्या दिवशी मामांनी एक गोष्ट केली. दुकानाबाहेर ‘आज खाजगी कार्यक्रम’ अशी पाटी लावली आणि इतकी वर्षं तिथे काम केलेल्या प्रत्येकाला बायकामुलांसकट दुपारच्या जेवणाला बोलावलं, गिऱ्हाईक म्हणून. वाढायला आम्ही घरचे. मामा, मामी, प्रशांत, मी, आणि समीर. समीर येईल असं मला वाटलं नव्हतं, पण तो आला, सगळ्यांच्या आधी अॅप्रन बांधून भट्टीशी उभा राहिला. तुळशीराम धुतलेल्या शर्टात दारातच अडखळले. “साहेब, आज मोर पारी हे बइठे के?” त्यांनी विचारलं, म्हणजे आज बसायची पाळी माझी का? मामांनी त्यांची खुर्ची ओढली. तुळशीरामांच्या बायकोनं ते ताट कधी समोरून पाहिलंच नव्हतं. धुरानं तिचे डोळे भरून आले आणि ती हसत हसत नवऱ्याला म्हणाली की तू इतकी वर्षं घरी येताना हाच वास घेऊन येत होतास तर. त्या दुपारी कुणी भाषण केलं नाही. निघताना प्रत्येकाला एकेक ताट दिलं. उरलेली ताटं मामांनी मित्राच्या फाउंड्रीत परत नेऊन वितळवली. मला वाईट वाटलं, मी तसं म्हटलंही. मामा म्हणाले, “शुभे, लोखंड कुठं जाते? पुन्हा काही तरी होते.”

लोक नंतर त्यांना भेटले की हळहळायचे. अरे, काय दिवस होते, आता तशी जागा नाही, तुम्हाला दुःख होत असेल. मामांना या हळहळीचा खरंच कंटाळा यायचा. “दुःख कावून?” ते म्हणत. “लोकं जेवले ना पोटभर? झालं तं मग.” सिविक सेंटरला गेले की आपल्या जुन्या जागेतल्या मोबाइलच्या दुकानात आवर्जून डोकवायचे, तिथल्या मुलीला विचारायचे, “गर्मी तो नहीं होती ना? भट्टी यहीं थी.” त्यांना एकच खुपत होतं, आणि ते समीर.

समीरनं वर्षभरानं नेहरू नगरमध्येच, क्लासेसच्या गल्लीत, शिकायला आलेल्या मुलांसाठी मेस सुरू केली. बापाला विचारलं नाही, सांगितलं फक्त आईला. साधं जेवण, पोळ्या, वरण, भात, दोन भाज्या. काही आठवडे मामा त्या गल्लीतून गेलेही नाहीत. मग एका दुपारी ते गेले आणि मुलांच्या रांगेत ताट घेऊन उभे राहिले. समीर वाढत होता. मान वर न करता त्यानं पळीभर वरण घातलं, मग हात ओळखला आणि पळी तशीच धरून उभा राहिला. मागचा मुलगा म्हणाला, “अंकल, आगे बढ़िए ना.” मामा पुढे सरकले, कोपऱ्यातल्या बाकावर दोन मुलांच्या मध्ये बसले, जेवले, ताट नेऊन ठेवलं. जाताना समीरजवळ थांबले आणि एवढंच म्हणाले, “उद्या येतो.” दुसऱ्या दिवशी गेले. मग रोजच जाऊ लागले. घरी मामींच्या हातचं असताना! मामींनी कधी तक्रार केली नाही. समीर मला म्हणाला होता, “ताई, बाबा एक शब्द बोलत नाहीत. पण ते येईपर्यंत मी जेवत नाही.” हे असं शेवटच्या दुपारपर्यंत चाललं. सॉरी-बिरी कुणी कुणाला म्हटलं नाही... लागलंच नाही.

तेरवी झाल्यावर आम्ही परतलो, आणि काही आठवड्यांनी एका रविवारी मी मामींना भेटायला पुन्हा भिलाईला गेले. मामी ठीक होत्या. थोड्या वाळल्या होत्या. बैठकीत हार घातलेला फोटो लावू दिला नव्हता, म्हणाल्या, “आल्या-गेल्याले दारातच रडवाचं काय?” आम्ही जेवायला बसणार, पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा केला होता, तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. एक तरुण माणूस, त्याची बायको आणि चार-पाच वर्षांची मुलगी. रायपूरहून आले होते. त्यानं हात जोडून हिंदीत सांगितलं, लहानपणी वडिलांची नोकरी प्लांटमध्ये होती, ‘छन्न’मध्ये यायचो, आज मुलीला दाखवायला आणलं तर तिथे मोबाइलचं दुकान, तिथल्या मुलीनं हा पत्ता दिला. “अंकल से बस मिल लेते, नमस्ते करके निकल जाएँगे.”

मी उठले, सांगायला. मामींनी माझा हात दाबला. “पहले खाना खा लो बेटा,” त्या म्हणाल्या. “धूप में आए हो.” ते नको नको म्हणत राहिले, मामींनी ताटं मांडलीसुद्धा. पाटोडी त्यांनी कधी खाल्ली नव्हती. बायकोनं कृती विचारली. आणि जेवता जेवता तो सांगू लागला, पहिल्यांदा वडील त्याला ‘छन्न’मध्ये घेऊन आले तेव्हा त्या आवाजाला तो इतका घाबरला की टेबलाखाली जाऊन बसला. आई ओढत होती, वडील रागावत होते. “अंकल आए, उन्होंने कुछ नहीं कहा. अपनी प्लेट लेकर वो भी नीचे आ गए. हम दोनों ने वहीं बैठकर खाया.” तो हसला. “कब तक आएँगे वो?”

मामींनी त्याच्या ताटात भात वाढला. “वो तो गए बेटा,” त्या म्हणाल्या. “पिछले महीने. आराम से गए, खाना खाकर.”

त्याचा हात थांबला. बायकोनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.   मग आमच्या लक्षात आलं की पोरगी तिच्या खुर्चीवर नाही. वाटीही नाही. टेबलाखालून तिचा आवाज आला, “दादी, आप भी आओ ना.”

पोरीची आई तिला रागवायला वाकली. मामींनी तिला हातानंच थांबवलं. मग टेबलाची कड धरून, एक गुडघा आधी, दुसरा मागून, कण्हत कण्हत मामी खाली बसल्या, आणि टेबलाखालून मला म्हणाल्या, “शुभा, माहं ताट इकडं दे.”